वॉरंटी गवतवालीची

कॉलनीत तिला सगळे गवतवाली म्हणतात. घरी ती ठकी. वय चव्वेचाळीस, उंची जेमतेम, आणि आवाज असा की मशीन चालू असताना हाक मारली तरी पलीकडच्या फाटकावरचा माणूस वळून बघतो. अकरा वर्षं कॉलनीचं मैदान तिच्या ताब्यात आहे. मैदान म्हणजे अंगणाचा तुकडा नव्हे. मधली मोठी हिरवळ, भोवतीनं चार पट्ट्या, आणि नाल्याकडे उतरणारा तो उतार, जिथं नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी भल्याभल्यांचे पाय लटपटतात.

आधी ती तिथं झाडांना पाणी घालायला यायची. जुना माळी एक दिवस जो गेला तो गेलाच. गवत गुडघ्याला लागलं. कॉलनीतल्या तीन बाप्यांनी मशीनची दोरी ओढून पाहिली आणि तिघंही खांदा चोळत घरी गेले. हिनं हातातली बादली खाली ठेवली, चोक ओढला, एक पाय मशीनवर दाबून धरला आणि तिसऱ्या हिसक्याला मशीन बोलायला लागलं. चोक कशाशी खातात हे तिला माहीत होतं, कारण तिचं लहानपण थोरल्या भावाच्या पंक्चरच्या दुकानात गेलेलं. थोरल्यानं सातवीत शाळा सोडली, पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगणारा दुसरा माणूस त्या भागात दाखवा आणि बक्षीस मिळवा. त्याच्याकडून हिनं घेतलं ते हे. बाकी सगळं हिचं स्वतःचं.

स्वतःचं म्हणजे काय, तर मशीन सुरू करायच्या आधी ती चपला काढते आणि अख्खं मैदान अनवाणी चालून येते. खडा, काच, खिळा, पोरांनी टाकलेला चेंडूचा तुकडा, जे डोळ्यांना दिसत नाही ते तिच्या तळव्यांना सापडतं. मग पातं काढून कानशीनं घासते आणि मधल्या भोकात खिळा घालून लटकवते. एक बाजू खाली गेली की तिकडून आणखी घासते. दोन्ही बाजू सारख्या राहिल्या की मगच चढवते. नवरा शिंपी आहे, अगदी मितभाषी माणूस. तो म्हणतो, "माझ्या कात्रीची एवढी काळजी मी घेतली असती तर मी आज सूट शिवत असतो."

त्या सोमवारी मात्र सेक्रेटरीसाहेबांनी घाई केली. साहेबांकडे पाहुणे यायचे होते. "बाई, ते अनवाणी फेऱ्या मारणं राहू द्या आज. पटकन कापून टाका." तिनं एकदा मान हलवली, पण साहेब घड्याळ दाखवत उभेच. तिनं सुरू केलं. चौथ्याच पट्टीला धाडकन आवाज झाला. खेळाची जाळी बांधायला कुणीतरी लोखंडी खुंटी ठोकली होती आणि तशीच गवतात सोडली होती. पातं वाकलं, आतला दांडा वाकला, आणि आधीच गंजलेला पत्रा पोटापासून फाटला. अकरा वर्षं तिनं चालवलेलं मशीन एका क्षणात भंगार.

मंगळवारी समितीची बैठक बसली. लोखंडी कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सारखा कुरकुरणारा पंखा, एवढं ते ऑफिस. सेक्रेटरीसाहेब टेबलामागे. बाजूला सिस्टर. त्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण कॉलनीत आजही त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. गवतवाली दाराशी उभी. खुर्ची दिली तरी ती बसत नाही.

"जमाना बदलला बाई," साहेब म्हणाले. "आता कंपन्या आहेत. माणूस गाडीवर बसतो आणि दोन तासांत मैदान साफ करतो. आपण पुन्हा ते ढकलायचं मशीन कशाला घ्यायचं?"

"गाडी उतारावर चढणार?"

"उतार जरा राहिला तर राहिला."

"मग साप पण जरासा राहील तिथं."

सिस्टर खुदकन हसल्या. साहेब नाही हसले. म्हणाले, "मशीन मोडलं तुमच्या हातात. हे तरी मान्य आहे ना?"

"माझ्या हातात मोडलं," ती म्हणाली. "तुमच्या घड्याळानं मोडलं."

कॉलनीत साहेबांना असं बोलणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी सिस्टरनीच तोडगा काढला. मशीनसाठी फंडात थोडी रक्कम होती, तेवढ्यात जे बसेल ते बाईंनी आणावं. शनिवारी अकरा वाजता समिती मैदानात येईल, कंपनीचा माणूसही येईल. मैदान नीट दिसलं तर काम बाईंचं. नाही तर कंपनीचं.

"आणि रकमेच्या वर एक पैसा नाही," साहेबांनी बजावलं.

"मागितला कुणी?" असं म्हणून ती निघाली.

बाहेर येऊन मात्र ती नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली. पोरगी शिकत होती. नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. हे मैदान गेलं तर चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरं मैदान कोण देणार होतं? पण हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त थोरल्याला फोन केला. "दादा, उद्या दुकान बंद ठेव. मशीन घ्यायचंय."

"बंद कशाला ठेवू? गिऱ्हाइकं थांबतील माझ्यासाठी," थोरला म्हणाला. आणि थांबलीही. दोघं तर सायकल दुकानात टाकूनच गेले.

बुधवारी दोघं भावंडं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात शिरली. दुकानदार टकलू, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट थोरल्यापुढं जाऊन म्हणाला, "या साहेब. लॉनसाठी का? केवढं आहे लॉन?"

"मला काय विचारता?" थोरला म्हणाला. "मी नुसता गडी आहे. मालकीण ही."

दुकानदारानं चेहरा बदलला. "या ताई, या. हे बघा, विजेवरचं. धूर नाही, आवाज नाही, हलकं फुलासारखं."

"वायर किती लांब?"

"तुम्हाला हवी तेवढी जोडता येते."

"आणि मागून ती वायर धरून कोण चालणार? तुम्ही याल रोज?"

मग बॅटरीचं दाखवलं. एका चार्जिंगला अर्धा तास चालतं. "आणि मग?" तिनं विचारलं. "मैदानाला सांगायचं, जरा थांब बाबा, मशीन जेवायला बसलंय?"

मग दुकानदारानं त्याचा हुकमी पत्ता काढला. लालभडक मशीन, मोठाली चाकं, दांडा घडी होणारा. तिनं सांगितलेल्या रकमेत बरोबर बसणारं. "हे ढकलायचं नाही ताई. लिव्हर दाबली की आपलं आपण चालतं."

तिनं पदर खोचला आणि मशीन मागे कलंडवलं. दुकानदार "अहो, अहो" करत पुढं झाला, पण पेट्रोल-ऑइल गळू नये म्हणून तिनं ते कार्बोरेटर वरच्या बाजूला येईल असंच कलंडवलं होतं. आतल्या पत्र्यावर बोटाच्या सांध्यानं टकटक केलं. बिस्किटाच्या डब्यासारखा आवाज आला. चाक धरून हलवलं, चाक डोलायला लागलं. दांडा आपल्या कंबरेला लावून बघितला.

"आपलं आपण चालतं ना? आमच्या उतारावर आपलं आपण नाल्यात जाईल. पातं मोडलं तर कुठं मिळतं?"

"मागवावं लागतं. महिनाभरात येतं."

"गवत महिनाभर थांबत नाही. आणि उंची वरखाली करायची तर चारी चाकं वेगवेगळी फिरवायची? एक चुकलं तर मैदानाला पायऱ्या पडतील."

दुकानदारानं रुमालानं टक्कल पुसलं. थोरला एका खोक्यावर बसून मजा बघत होता. बहीण अशी बोलायला लागली की त्याची छाती आपोआप फुगते, त्याला तो काय करणार?

तेवढ्यात तिचं लक्ष मागच्या कोपऱ्याकडे गेलं. पाइपांच्या गुंडाळ्यांमागे एक करड्या रंगाचं मशीन उभं होतं. जाड पत्रा, चाकांना लोखंडी तबकड्या, उंचीसाठी एकच मोठी लिव्हर. गवताची पिशवी फाटलेली.

"ते काय?"

"ते सोडा ताई. परत आलेलं आहे. गिऱ्हाइकानं चारदा वापरलं आणि आणून टाकलं. धूर काढतं, मग बंदच पडतं. नवीन घ्यायचं तर तुमच्या रकमेच्या दुप्पट. कंपनी परत घेत नाही, आमचा मेस्त्री महिन्यातून एकदा येतो."

ती त्या मशीनपुढं उकिडवी बसली. टाकीचं झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. मग थोरल्याकडे बघितलं. थोरला उठून आला, त्यानंही वास घेतला, आणि त्याचं तोंड उघडणार एवढ्यात तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टाच ठेवली.

कारण दोघांनाही कळलं होतं. पेट्रोलमध्ये ऑइल होतं.

जुनी मशीनं टू-स्ट्रोक. त्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, नाही तर इंजिन जळतं. हे नवं मशीन फोर-स्ट्रोक. त्याचं ऑइल वेगळ्या तोंडातून पोटात ओतायचं, पेट्रोल कोरं. ज्याचा जन्म जुन्या मशीनवर गेला त्याचा हात सवयीनं ऑइलच्या बाटलीकडे जातोच. नवशिक्या माणूस पुस्तक वाचून नीट करेल. ही चूक मुरलेल्या माणसाचीच. प्लग काळा पडतो, धूर येतो, मशीन दम तोडतं. पण मरत नाही.

तिनं पोटातल्या ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली, परत घालून बघितली. ऑइल खुणेपर्यंत होतं, मधासारखं स्वच्छ. मग दोरी हळूहळू ओढली. आतून कुणी हात परत ओढावा तसा जोर लागला, म्हणजे आतला दाब शाबूत. इंजिन ठणठणीत होतं.

"चालू होत नाही म्हणता," ती उठत म्हणाली, "तरी घेते मी. पण आमची रक्कम एवढीच. त्यात नवा प्लग, नवा फिल्टर आणि एक जादा पातं."

"ताई, परत आणाल तर घेणार नाही हं. बिलावर ‘जसे आहे तसे’ असं लिहीन. वॉरंटी नाही."

"लिहा. ठळक लिहा."

पैसे दिले, बिल घेतलं, मशीन हातगाडीवर चढलं, आणि मग तिनं दुकानदाराला सांगितलं, "पुढच्या गिऱ्हाइकाला असलं मशीन विकताना सांगत जा, याच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही. टाकी नुसती हुंगली असती तरी तुम्हाला कळलं असतं."

दुकानदार हातगाडीकडे बघतच राहिला. थोरला रस्ताभर हसत होता, एका पायानं लंगडत.

गुरुवारी साहेबांनी बिल वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला. "‘जसे आहे तसे’? बाई, तुम्ही कॉलनीच्या पैशानं बंद पडलेलं मशीन आणलंत? वॉरंटी कुठं आहे?"

"इथं उभी आहे," ती म्हणाली. "वॉरंटी मी."

"म्हणजे?"

"म्हणजे वर्षभरात बंद पडलं तर मी काम सोडते. कंपनीला बोलवा, हत्तीला बोलवा, मी एक शब्द बोलणार नाही."

साहेबांना हेच हवं होतं. त्यांनी तिथल्या तिथं कागद काढला आणि लिहिलं, मशीन एक वर्षाच्या आत बंद पडल्यास मी काम सोडीन आणि काहीही मागणार नाही. कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं एकेक अक्षर बोटानं धरून वाचलं. मग पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येणारं. ‘या वर्षात मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अनवाणी चालून झाल्याशिवाय मशीन सुरू कर म्हणून कुणी घाई करायची नाही.’

"आता तुम्ही पण सही करा," आपली सही करून ती म्हणाली.

"मी कशाला?"

"घड्याळ तुमचंय ना."

सिस्टर तिथंच वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी पेपर खाली न करता म्हटलं, "करा हो सही. तुम्हाला काय जड जाणार आहे?" साहेबांनी केली.

शुक्रवारी दुपारी घराच्या मागच्या बोळात मशीन उघडलं. तिनं टाकी रिकामी केली, कार्बोरेटरची वाटी काढून धुतली, नवा प्लग बसवला. नवऱ्यानं जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवून दिली, टाके असे की कंपनीनं बघायला यावं. थोरला नवं पेट्रोल घेऊन आला. तिनं टाकी भरली, दोरी ओढली. मशीन सुरू झालं. दोन मिनिटं चाललं. मग भकाभका निळा धूर काढायला लागलं, खोकलं आणि बंद.

उद्या शनिवार. कागदावर सही. पहिल्यांदाच तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं झाकण उघडलं, हुंगलं, आणि सावकाश थोरल्याकडे वळली.

"दादा."

"काय गं?"

"पेट्रोलमध्ये काय घातलंस?"

थोरल्यानं कॅनकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे बघितलं. चार झाकणं ऑइल. पंपावरून येताना आपल्या दुकानात थांबला होता, मनात दुसराच विचार होता, आणि अकरा वर्षं बहिणीच्या मशीनला ज्या हातानं मिश्रण करून दिलं त्या हातानं न विचारता बाटली उचलली होती. परवा रस्ताभर ज्या चुकीवर हसला तीच.

"हात जुना आहे," तो म्हणाला. "त्याला कुणी सांगितलंच नाही मशीन बदललं म्हणून."

नवरा कधी हसत नाही, तो भिंतीकडे तोंड करून हसला. ती मात्र रागावली नाही. "बरं झालं घरी घातलंस," एवढंच म्हणाली. टाकी पुन्हा रिकामी, वाटी पुन्हा धुतली, प्लग काढून ब्रशनं घासला. कोरं पेट्रोल तिनं स्वतः जाऊन आणलं. यावेळी मशीन एकाच हिसक्याला लागलं आणि अर्धा तास बोळात ठेवून चालवलं तरी धुराचा एक पदर निघाला नाही. त्याचा आवाज ऐकून थोरला म्हणाला, "हे मशीन दहा वर्षं मरत नाही." इंजिनाबद्दल तो बोलला की बोलला.

शनिवारी सकाळी सातला ती मैदानात होती. चपला काढून फेरी मारून झाली. ओंजळभर खडे आणि एक बाटलीचं झाकण निघालं. मग ती कट्ट्यावर बसून राहिली. आठ वाजले, साडेआठ वाजले. साहेब बाल्कनीत आले.

"काय बाई, सुरू होत नाही वाटतं?"

"गवत ओलं आहे साहेब. ओलं कापलं की गोळे होतात, पात्याला चिकटतात, मुळं उपटतात. मशीन थांबलेलं नाही. मी थांबलेय."

"अकराला समिती येणार आहे, लक्षात आहे ना?"

"कागद वाचा," ती म्हणाली. "घाई करायची नाही."

साडेनऊला तिनं वाकून गवतावरून तळहात फिरवला, हात कोरडा आला, आणि दोरी ओढली. त्यानंतर ती थांबली नाही. मागच्या आठवड्यात उभ्या रेघा मारल्या होत्या, या वेळी आडव्या, म्हणजे गवत एकाच बाजूला झोपायची सवय लावून घेत नाही. पिशवी भरली की रिकामी करायची, परत लागायचं. उन्हात तिचा ब्लाउज पाठीला चिकटला. थोरला मदतीला आला होता, पण मशीनला हात लावायची त्यालाही मनाई. तो नुसता पिशव्या ओतत होता, आणि तेही त्यानं फार छान केलं.

अकराला समिती आली. सिस्टर, साहेब, आणखी दोघं, आणि कंपनीचा एक माणूस, चकचकीत बुटांत, काखेत फाइल. मधली हिरवळ आणि चारी पट्ट्या झाल्या होत्या. उतार बाकी होता.

"काम अपुरं आहे," साहेब म्हणाले.

तिनं मशीन बंद केलं नाही. मशीनवरूनच ओरडून म्हणाली, "काम संपवायचं ठरलं नव्हतं. कसं दिसतं ते बघायचं ठरलं होतं. बघा की!"

सिस्टरनी चपला काढल्या आणि गवतावरून चालायला लागल्या. इतक्या वर्षांत हे कॉलनीतल्या कुणी केलं नव्हतं. शेवटपर्यंत गेल्या, परत आल्या. मग कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि उताराच्या तोंडाशी नेलं. "हा कसा कापाल तुमच्या गाडीनं?"

त्यानं खाली नाल्याकडे बघितलं. बूट मागे घेतले. "मॅडम, उतार आम्ही कोटेशनमध्ये धरतच नाही."

"मग हा कोण कापणार?"

तोवर गवतवाली मशीन घेऊन त्याच्या समोरून उतारावर उतरलीच. आडवी, वरच्या अंगाला कललेली, एक पाय रोवून मगच दुसरा उचलत. जड पत्र्याचं मशीन तसूभर हललं नाही. ते लालभडक असतं तर केव्हाच गडगडत गेलं असतं. सगळे काठावर उभे राहून बघत होते. शेवटची पट्टी झाली तेव्हा तिनं इंजिन बंद केलं, आणि कानात एकदम शांतता भरली.

सिस्टर म्हणाल्या, "माझं मत बाईंना." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. कंपनीच्या माणसानं फाइल आवरली आणि निघताना तिला हळूच विचारलं, "ताई, तुमच्या मशीनचं मॉडेल कुठलं?"

साहेब खाली आले. माणूस तसा वाईट नाही, फक्त खुर्चीवर फार वर्षं बसलेला. त्यांनी खिशातून तो कागद काढला. "बाई, झालं गेलं. हा कागद फाडून टाकू या. वर्षभराची टांगती तलवार कशाला डोक्यावर?"

ती पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती. सगळं पाणी पिऊन झालं, तोंड पुसलं, तेव्हा म्हणाली, "फाडायचा नाही."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"माझं भलं मी बघेन. तो कागद नोटीस बोर्डावर लावा. दोन्ही सह्या दिसतील असा. जो येईल जाईल त्यानं वाचू दे. पुढच्या वर्षी याच दिवशी मी तो स्वतःच्या हातानं काढीन."

साहेब सिस्टरकडे बघत राहिले. सिस्टर चपला घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. शेवटी साहेब ऑफिसकडे गेले आणि पिना शोधायला लागले. ती मागोमाग गेली, बोर्डासमोर उभी राहिली, आणि कागद सरळ लागला नाही म्हणून त्यांना तो पुन्हा काढून लावायला सांगितला.